दरात धरलेले हात

चहाच्या टपरीवर ग्लास विसळणारा मुलगा आपल्या मुलाच्याच वयाचा असतो. आपलं मूल त्याच्याकडे बघतं आणि विचारतं, "हा शाळेत का जात नाही?" आपण चटकन सांगतो, "गरीब आहेत रे ते." आणि पुष्कळदा पुढे जोडतो, "तू अभ्यास केला नाहीस, तर तुझ्यावरही हीच वेळ येईल." यातलं पहिलं उत्तर अपुरं आहे. दुसरं तर चुकीचं आहे, आणि त्या मुलावर अन्याय करणारंही. अभ्यासाचा कंटाळा केला म्हणून कुणी लहान मूल कपबश्या धूत नसतं. मग ते तिथे का असतं? आज तुमच्याशी याच प्रश्नावर मोकळेपणाने बोलायचं आहे. कारण याचं खरं उत्तर आपल्या घरापर्यंत, आपल्या रोजच्या व्यवहारापर्यंत येऊन पोचतं.

आधी आवाका लक्षात घेऊ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार, २०२४ साली जगात ५ ते १७ वयोगटातली १३.८ कोटी मुलं बालमजुरीत होती. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, यावरून अंदाज करा. या मुलांपैकी ५.४ कोटी मुलं जिवाला किंवा आरोग्याला धोका असलेली कामं करत होती. जवळजवळ दोन तृतीयांश मुलं सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली. २०२५ पर्यंत बालमजुरी संपवायची, असं संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये जगातल्या देशांनी ठरवलं होतं. ती मुदत उलटून गेली.

बालमजूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हॉटेल, गॅरेज किंवा फटाक्यांचा कारखाना येतो. प्रत्यक्षात दर दहा बालमजुरांमागे सहा जण शेतीत राबतात. आणि याच संस्थांच्या २०२० सालासाठीच्या जागतिक अहवालाने दाखवलेली गोष्ट तर आपल्या समजुतीच्या पार उलटी आहे: ७२ टक्के बालमजुरी कुटुंबातच होते. म्हणजे बहुतेक मुलांना कामाला लावणारा कुणी परका, दुष्ट मालक नसतो. मूल आपल्याच आईबापाच्या शेजारी उभं राहून राबत असतं.

इथे पालकांच्या मनात हमखास एक शंका येते. मग मुलांना काम सांगायचंच नाही का? जरूर सांगावं. अंथरूण काढणं, ताटं घेणं, केर काढणं, सुट्टीत शेतावर जाऊन शेंगा तोडू लागणं, यातून मूल घडतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा पायाच हाताने काम करत शिकणं हा होता. श्रम वाईट नाहीत. ज्या कामामुळे शाळा सुटते, जे काम वयाला झेपत नाही, ज्यात इजा होण्याची भीती आहे, जे तासन्‌तास संपत नाही, ती बालमजुरी. आणि हे घरातल्या कामालाही लागू आहे. आठवड्याला एकवीस तासांहून जास्त घरकाम करणाऱ्या मुलांना हिशेबात धरलं, की बालमजुरीतली मुलगे आणि मुली यांच्यातली तफावत जवळजवळ निम्म्याने कमी होते. एरवी मुलींचे कष्ट मोजलेच जात नाहीत.

घरच्यांसोबतची ही मजुरी कशी असते हे समजायला आता आपल्याच राज्यातला एक उसाचा फड जवळून बघू.

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज या भागांतल्या गावांमध्ये घरांना कुलपं लागतात. पीठमीठ, भांडी, गोधड्या, शेळ्या आणि पोरं असा सगळा संसार गाडीत चढतो आणि पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतो. त्या गावांतल्या शाळांचे हजेरीपट चाळा. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकेका नावापुढे ओळीने गैरहजेरी लागत जाते, ती उन्हाळा येईपर्यंत. तिकडे उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. अंधारातच काम सुरू होतं. बाप बुडातून ऊस तोडतो, आई मोळी बांधते. आठ-नऊ वर्षांचा मुलगा मागे राहिलेलं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करून त्याच्या पेंढ्या बांधतो. ते वाढं जनावरांच्या वैरणीला विकून रोजचा तेलमिठाचा खर्च निघतो. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीवर तान्ह्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरते, भाकरी थापते आणि फडात पोचवते. ती घरी राबते म्हणून आई दिवसभर फडात राबू शकते.

मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत या दोन मुलांची नावं कुठेही नसतात. तिथे नोंद असते ती एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची. हंगामाआधी या जोडीने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फिटते टनावर. जितका ऊस तोडाल तितके पैसे. उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. आईबापाने कितीही जीव तोडून काम केलं, तरी दोन माणसांच्या हातांनी हा हिशेब जुळत नाही. मग तिसरे आणि चौथे हात लागतात. ते घरातच असतात आणि त्यांची मजुरी कुणाला द्यावी लागत नाही.

पालकहो, बालमजुरी का टिकते याचं उत्तर मला इथे सापडतं. गरिबी हे कारण खरंच आहे. पण गरिबी काही आभाळातून पडत नाही. जिथे मजुरी माणसाच्या दिवसावर न ठरता मालाच्या वजनावर किंवा नगांवर ठरते, आणि तो दर इतका कमी असतो की दोन मोठ्या माणसांचं त्यात भागत नाही, तिथे मुलांचे हात त्या दरात आधीच धरलेले असतात. मूल कामाला लावा असं कुणालाच तोंडाने सांगावं लागत नाही. दरच ते काम करतो.

ही रीत एकदा ओळखली की ती जागोजागी दिसू लागते. वीटभट्टीवर पैसे मिळतात हजार विटांमागे. विड्या वळणाऱ्या बाईला पैसे हजार विड्यांमागे. झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीह भागात बंद पडलेल्या अभ्रकाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांत बाया आणि मुलं भुसभुशीत बिळांमध्ये शिरून अभ्रकाचे तुकडे वेचतात. तिथे त्याला ढिब्रा म्हणतात आणि तो किलोवर विकला जातो. बीळ ढासळून त्यात मुलं दगावल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. त्याच अभ्रकाची चमक पुढे सौंदर्यप्रसाधनांत आणि गाड्यांच्या रंगात उतरते. आफ्रिकेतल्या काँगोमध्ये जगातलं बहुतांश कोबाल्ट निघतं. मोबाइलच्या बॅटरीत ते असतं. तिथल्या हातखाणींमध्ये मुलं खनिज वेचतात, धुतात, पोती वाहतात, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०१६ च्या अहवालाने जगापुढे आणलं.

आणि आपण मुलांच्या हातात कौतुकाने ठेवतो ते चॉकलेट? जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांतून येतो. कोकोचं फळ झाडाच्या बुंध्यालाच लगडतं. ते लांब सुऱ्याने कापायचं, सुऱ्यानेच फोडायचं, आतल्या पांढऱ्या गरातल्या बिया काढून केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवून पोत्यांत भरायच्या. ही पोती मुलं डोक्यावरून वाहतात, सुरे चालवतात, झाडांवर औषध फवारतात. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका संशोधन संस्थेने २०१८-१९ च्या हंगामाची पाहणी केली, तेव्हा या दोन देशांत कोकोच्या शेतीत १५.६ लाख मुलं बालमजुरीत आढळली. काही मुलं बुर्किना फासो आणि माली या शेजारी देशांतून आणली जातात. पण बहुतेक मुलं आपल्या घरच्याच शेतात राबत असतात. बाप छोटा शेतकरी, मजूर लावायला हातात पैसा नाही, आणि कोकोचा भाव ठरतो लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात.

२००१ साली बड्या चॉकलेट कंपन्यांनी अमेरिकेत लेखी कबूल केलं होतं की, या शेतीतली बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं २००५ पर्यंत संपवू. ती मुदत टळली, पुढच्याही टळल्या. शेवटी २०१९ मध्ये या दोन्ही देशांच्या सरकारांनी टनामागे ४०० डॉलर जादा द्या, अशी अट खरेदीदारांना घातली. दुखणं दरात आहे, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

दराच्या जोडीला शाळेचं दुखणं आहे. ऊसतोडीच्या फडावरून एप्रिलमध्ये परतलेलं मूल वर्गात बसतं, तेव्हा फळ्यावरचं सगळं पुढे निघून गेलेलं असतं. ते पुढच्या वर्गात ढकललं जातं, पण वाचता येत नाही. आईबाप म्हणतात, "शाळेत जाऊन काय शिकला? त्यापेक्षा हाताखाली बरा." मुलीचं तर आणखी कठीण. कोपीवर तिला एकटी ठेवायची भीती, गावी ठेवावं तर तिथेही भीती. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न लावून देतात. लग्न झालं की ती आणि तिचा नवरा मिळून नवा कोयता तयार होतो, त्या कोयत्याला नवी उचल मिळते, आणि तिची मुलं पुन्हा त्याच फडात वाढं गोळा करायला लागतात. फडातलं मूल अशा रीतीने पुढच्या पिढीचं फडातलं मूल जन्माला घालतं.

कायदा आहे. १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. आता १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर ठेवता येत नाही. कैद सहा महिने ते दोन वर्षं, दंड वीस ते पन्नास हजार. मात्र त्याच दुरुस्तीने धोकादायक नसलेल्या घरच्या उद्योगात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करायला परवानगी दिली. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. पण जिथे बहुतेक बालमजुरी घरच्यांच्याच सोबतीने होते, तिथे हीच पळवाट मोठी ठरते. विड्या वळणारी मुलगी "आईला मदत करते" असं म्हटलं की तपासणारा अधिकारी पुढच्या दारी जातो.

हे बदलता येत नाही का? येतं, आणि त्याचे पुरावे आपल्याच मातीत आहेत. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. पण देश गरीब आहे, लोक तयार नाहीत, असली कारणं सांगत कोल्हापूरचे शाहू महाराज थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंडही ठेवला. तेव्हाचं कोल्हापूर आजच्या महाराष्ट्राहून श्रीमंत नव्हतं.

आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा आणि त्यांच्या एम. व्ही. फाउंडेशन या संस्थेने नव्वदच्या दशकापासून एकच भूमिका धरली: शाळेबाहेरचं प्रत्येक मूल हे बालमजूरच समजायचं. त्यांनी गावोगाव शिबिरं घेतली, काम सोडून आलेल्या मुलांची मागे पडलेली तयारी करून घेतली आणि त्यांना नेहमीच्या शाळेत बसवलं. त्यातून उघड झालं की गरिबातल्या गरीब आईबापांनाही मूल शिकायला हवंच असतं. कुणीतरी शाळेपर्यंतची वाट सोपी करून द्यावी लागते. आपल्याकडे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, वसईकडे वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. ब्राझीलने २००३ पासून गरीब घरांना दरमहा पैसे दिले आणि अट घातली की मुलं शाळेत हजर हवीत. उझबेकिस्तानात सरकारी हुकमानेच शाळा रिकाम्या करून मुलांना कापूस वेचायला नेत. जगभरातल्या कापड कंपन्यांनी तो कापूस नाकारला, दबाव वाढत गेला आणि ती प्रथा थांबली. २००० साली जगात २४.६ कोटी बालमजूर होते. २०२४ साली ते १३.८ कोटी होते. जगाने जिथे मनावर घेतलं, तिथे ही मुलं शाळेत पोचली आहेत.

मग आपण, तुम्ही-आम्ही पालकांनी, काय करायचं?

सुरुवात घरापासून. घरकामाला १४ वर्षांखालची मुलगी ठेवायला २००६ पासूनच बंदी आहे. तरी "गावाकडून आणलीय, आमच्याकडेच राहते, शिकवणार आहोत तिला" हे वाक्य अजूनही कानावर येतं. हे वाक्य आपल्या घरात तर नकोच, नात्यातही ऐकलं तर गप्प बसू नका. आणखी एक गोष्ट आपल्या सवयीची झाली आहे. कामाच्या मावशी आजारी पडल्या की त्यांची सातवीतली मुलगी भांडी घासायला येते. आपण तिला बिस्किटाचा पुडा देतो आणि वाटतं, किती गुणी मुलगी! ती का आली? कारण आईचा खाडा झाला तर पैसे कापले जातील. मावशींना महिन्यातून भरपगारी सुट्ट्या द्या, आजारपणाची रजा द्या, वर्षाला पगारवाढ द्या. त्या दिवशी भांडी आपण घासू, आपल्या मुलांना सोबत घेऊन. दरात धरलेले मुलाचे हात सोडवण्याची ही सर्वांत जवळची जागा आहे आणि ती पूर्णपणे आपल्या ताब्यात आहे.

सोसायटीचं रंगकाम, दुरुस्ती, नवं बांधकाम निघालं की ठेकेदाराला सर्वांत कमी भावाची निविदा कशी परवडते, हे विचारा. मजुरांची मुलं दिवसभर कुठे असतील, जवळच्या शाळेत त्यांची नावं घातली आहेत का, हेही विचारा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सहकारी साखर कारखान्याचा शेअर आहे. दरवर्षी सभासदाच्या साखरेची आपण चौकशी करतो. या वर्षी वार्षिक सभेत उभं राहून विचारा: आपल्या कारखान्याच्या फडांवर किती मुलं आहेत, त्यांच्या शाळेची सोय काय, तोडणीचा दर किती? सभासदाने विचारलेल्या प्रश्नाला अध्यक्षांना उत्तर द्यावं लागतं.

कुठे मूल कामावर दिसलं, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो. आणि फोन करून मोकळे होऊ नका. सोडवलेलं मूल शाळेत टिकलं का, त्याच्या आईबापाला नीट मजुरीचं काम मिळालं का, याचा पाठपुरावा झाला नाही, तर तेच मूल महिन्याभरात दुसऱ्या टपरीवर दिसतं.

स्वतःच्या मुलांकडेही याच नजरेने बघा. मालिका, जाहिराती, गाण्याच्या स्पर्धा यांत मुलं काम करतात, तेव्हा कायद्याने दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि कमाईतला निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. घरच्या घरी व्हिडिओ काढून मुलाला पैसे कमावण्याचं साधन करणाऱ्या आईबापांनी हे नियम स्वतःहून पाळावेत. कौतुक कुठे संपतं आणि मजुरी कुठे सुरू होते, हे आपल्याला कळायला हवं.

आणि मुलांशी बोला. त्यांना भीती घालू नका, दया करायलाही शिकवू नका. "त्याच्या आईबाबांना कामाचे पुरेसे पैसे मिळत नाहीत, आणि आपण मोठ्या माणसांनी ते अजून नीट केलेलं नाही," इतकं खरं उत्तर आठ वर्षांच्या मुलालाही कळतं. त्यातून अपराधी वाटून घ्यायचं नाही. माझ्यासारख्याच एका मुलाचा हक्क डावलला जातोय, एवढं त्याला समजलं की पुष्कळ झालं.

मराठवाड्यातल्या आणि ऊसपट्ट्यातल्या पालकांना शेवटची एक विनंती आहे. कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, आपल्या गावच्या शाळेत जा. या हंगामात किती मुलं आईबापांबरोबर निघणार आहेत, त्यांची यादी मुख्याध्यापकांकडून घ्या. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला आहे का, ते विचारा. गेला नसेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याचा ठराव करून घ्या. गाड्या निघाल्यावर हे करता येत नाही. ते आधीच करा.